‘कृपापूर्ण’ की ‘कृपा पावलेली’?

एका वाचक भगिनीचं पत्र :

“माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर मूळचं नगरचं, प्रॉटेस्टंट. आम्ही पुण्यात राहतो, सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगी आठ वर्षांची आहे. माझ्या आईने तिला ‘नमो मारिया’ ही प्रार्थना शिकवली, तिच्यात देवदूताच्या शब्दांत मारिया मातेला ‘कृपापूर्ण’ म्हटलंय. परवा रात्री ती म्हणत असताना सासूबाई तिला म्हणाल्या, ‘आजीची प्रार्थना खोटी आहे, देवदूत असं बोललाच नव्हता.’ मग त्यांनी मोबाईलवर एका उपदेशकाचा व्हिडिओ लावला. त्याचं म्हणणं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कृपा पावलेली’ एवढाच आहे, ‘कृपापूर्ण’ हे रोमने मागाहून घुसडलं. मी हे माझ्या भावाला कळवलं, तर त्याने भलामोठा मेसेज पाठवला : तोच ग्रीक शब्द सिद्ध करतो की मारिया माता पहिल्या क्षणापासून निष्पाप होती, हवं तर सासूबाईंना वाचून दाखव. नवरा म्हणतो, मला यात ओढू नका. खरं काय आहे? मुलीला काय सांगू? आणि माझ्यासारखीला ग्रीक शिकायला जमेल का?”

ताई, जय ख्रिस्त.

आधी एक गोष्ट : भावाचा मेसेज सासूबाईंना वाचून दाखवू नका. तो जेवढं सिद्ध होतं म्हणतो तेवढं त्या शब्दातून सिद्ध होत नाही. व्हिडिओतल्या उपदेशकाचंही तेच. दोघे एकाच शब्दाला दोन बाजूंनी धरून ओढताहेत आणि तो शब्द बिचारा दोघांच्याही कामाचा नाही.

शब्द आहे ‘केखारितोमेने’. लूकच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायाच्या 28व्या ओवीत, देवदूत गब्रिएल मारियेकडे आत येतो आणि म्हणतो, ‘खाइरे, केखारितोमेने’. दोन शब्दांचं अभिवादन. मोठ्याने म्हणून बघा, लूकने दोन्हींत एकच नाद साधलाय. ‘खाइरे’ हा ग्रीकांचा रोजचा रामराम, पण त्याचा मूळ अर्थ ‘आनंद कर’. पुढच्या शब्दात ‘खारिस’ दडलंय, म्हणजे कृपा. एक लक्षात आलं का? यात ‘मारिया’ नाही. देवदूत तिचं नाव घेतो ते 30व्या ओवीत. प्रार्थनेत नाव आपण घातलं, आणि त्यात काही बिघडलं नाही.

आता त्या शब्दाची घडण. ‘खारिस’पासून क्रियापद होतं, अर्थ ‘कृपा करणे, कृपेने युक्त करणे’. त्याचं कर्मणि रूप, स्त्रीलिंगी, क्रिया पुरी होऊन परिणाम टिकून असल्याचं दाखवणारं. मराठीला हे रूप समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे ‘-लेली’ आहेच. ‘सजवलेली’ म्हटलं की तीन गोष्टी कळतात : सजवायचं काम झालंय, ते दुसऱ्या कुणी केलंय आणि सजावट अजून दिसते आहे. कधी सजवली, किती सजवली, हे मात्र त्या शब्दाला विचारून उपयोग नाही. तो सांगत नाही. ‘केखारितोमेने’ही तेवढंच सांगतो : हिच्यावर कृपा झाली आहे, करणारा दुसरा आहे, आणि ती कृपा अजून आहे. करणाऱ्याचं नाव शब्दात नाही, पण तो कोण हे गब्रिएल कुणाकडून आला त्यावरून उघड आहे.

तेव्हा सासूबाईंच्या शास्त्रातलं ‘कृपा पावलेल्या स्त्री’ हे व्याकरणाला अगदी धरून आहे. ते कुणी कमी करून लिहिलेलं नाही. तुमच्या भावाला हे आवडणार नाही, पण आहे ते असं आहे.

मग ‘कृपापूर्ण’ रोमने घुसडलं का? नाही. इथे उपदेशक घसरतो, आणि पुरावा लूकनेच ठेवलाय. 16व्या अध्यायातला श्रीमंत माणूस आणि लाजर आठवा. दाराशी पडलेला तो भिकारी, कुत्री येऊन ज्याचे फोड चाटत. लूक त्याला ‘हेइल्कोमेनोस’ म्हणतो. ‘हेल्कोस’ म्हणजे फोड किंवा व्रण, त्यापासून त्याच जातीचं क्रियापद आणि त्याचं तसंच ‘-लेला’ रूप. यात ‘भरलेला’ असा वेगळा शब्द ग्रीकमध्ये कुठेही नाही. तरी 1611 च्या इंग्रजी बायबलने ‘फोडांनी भरलेला’ अशाच अर्थाचे शब्द घातले आणि आपल्याकडेही लाजर फोडांनी भरलेलाच असतो. त्याबद्दल कोणत्याही पाळकाने आजवर तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. या जातीच्या क्रियापदांत ‘त्या गोष्टीने व्यापून टाकणे’ हा अर्थ येऊ शकतो. फोडांना चालतो तर कृपेलाही चालू द्यावा.

शिवाय हे भाषांतर एकट्या रोमचं नाहीच. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये ‘ग्रासिया प्लेना’, कृपेने पूर्ण, ठेवलं, ते खरं. पण पाचव्या शतकाच्या सुमाराचं सिरियाक बायबल, ज्याला पेशित्ता म्हणतात आणि जे केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेने शतकानुशतकं वाचलं, तेही ‘कृपेने भरलेली’ असंच म्हणतं. आणि विल्यम टिंडेल? 1526 मध्ये त्याने नवा करार थेट ग्रीकमधून इंग्रजीत आणला. पोपच्या बाजूचा तो नक्कीच नव्हता, त्याच्या प्रती लंडनमध्ये जाळल्या गेल्या आणि 1536 मध्ये त्यालाही गळा आवळून मारून जाळलं. त्या टिंडेलने या ओवीत ‘कृपेने पूर्ण’च लिहिलंय. रोमने घुसडलं म्हणणाऱ्याने निदान टिंडेलचा हिशेब द्यावा.

याच्या उलट बाजूला मार्टिन ल्यूथर. 1530 मध्ये कोबुर्गच्या गढीत बसून त्याने भाषांतराविषयी एक खुलं पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, ‘कृपेने भरलेली’ म्हटलं तर जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे बिअरने भरलेलं पिंप नाहीतर पैशांनी भरलेला बटवा येतो. असं कुणी जर्मन बोलतं का? त्याने छापलं ते ‘होल्डसेलिगे’, म्हणजे साधारण लाघवी, मन जिंकणारी. पण त्याचं मन त्यावरही भरलेलं नव्हतं. उत्तम जर्मन लिहायचं तर सरळ ‘प्रिय मरिये’ असं लिहिलं असतं, असं तोच म्हणतो. सासूबाईंना हे जरूर सांगा, वाद म्हणून नव्हे, गंमत म्हणून. ज्याच्यापासून प्रॉटेस्टंटांची मोजणी सुरू होते, त्याची तक्रार ‘पूर्ण’ हा शब्द मरियेला फार मोठेपणा देतो अशी नव्हतीच. तो शब्द रुक्ष आहे, देवदूत याहून प्रेमाने बोलला असणार, अशी होती.

आता तुमच्या भावाकडे वळू. तिकडे मला थोडं जास्त थांबावं लागेल, कारण असे मेसेज आपल्या कॅथलिक घरांतून भरपूर फिरतात आणि त्यांत ग्रीक व्याकरणाची नावं टाकलेली असली की वाचणारा दबतो.

त्याचा मुद्दा असा असणार : क्रिया ‘पूर्ण झालेली’ आहे, म्हणजे कृपा संपूर्ण आहे, म्हणजे पापाला जागाच नाही, म्हणजे अगदी गर्भधारणेपासून नाही. यातली पहिली पायरी सोडली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या व्याकरणाने बांधलेल्या नाहीत. क्रिया पुरी झाली याचा अर्थ ती शंभर टक्के मापाने झाली असा होत नाही. आणि नेमकं हेच रूप, फक्त पुल्लिंगी, बेन सिराच्या ग्रंथात 18व्या अध्यायाच्या 17व्या ओवीत येतं. तिथे विषय काय? दानापेक्षा गोड शब्द मोठा, आणि भल्या माणसाकडे दोन्ही असतात. त्या भल्या माणसासाठी तोच शब्द. कुणी संत नाही, निष्पाप नाही, भिकाऱ्याला चार पैसे देताना तोंड वाकडं न करणारा साधा सज्जन. गंमत म्हणजे हा ग्रंथ फक्त आपल्या, म्हणजे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलांत आहे. सासूबाईंच्या पवित्र शास्त्रात तो नाही, तेव्हा भावाला अडचणीत आणणारा हा पुरावा त्यांना सापडणार नाही. तो त्याच्याच घरात पडून आहे.

नव्या करारात हे क्रियापद आणखी एकदाच येतं, इफिसकरांच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या सहाव्या ओवीत. देवाने आपल्या प्रियाच्या ठायी आपल्यावर कृपा केली, असं पौल लिहितो. ‘आपल्यावर’, म्हणजे त्या पत्राच्या सगळ्या वाचणाऱ्यांवर. रूप वेगळं आहे, मारियेला हाक म्हणून वापरलं तसं नाही, हा फरक मी नाकारत नाही. पण क्रियापद तेच.

ग्रीकमध्ये ‘कृपेने पूर्ण’ असं शब्दशः म्हणायचं तर ‘प्लेरेस खारितोस’ म्हणतात. लूकला ते ठाऊक होतं. प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात, तो स्तेफनाला तसंच म्हणतो. योहान तेच शब्द देह धारण केलेल्या शब्दाविषयी, म्हणजे ख्रिस्ताविषयी वापरतो. लॅटिनमध्ये आल्यावर मारिया, स्तेफन आणि ख्रिस्त तिघेही ‘कृपेने पूर्ण’ झाले आणि मुळातला फरक वाचणाऱ्याला दिसेनासा झाला. याचा दुहेरी उपयोग करतात. प्रॉटेस्टंट म्हणतो, बघा, लूकला ‘पूर्ण’ म्हणायचं असतं तर म्हटलं असतं. कॅथलिक म्हणतो, स्तेफनाला साधं विशेषण, आणि हिला मात्र नावाच्या जागी हाक, म्हणजे हे काही वेगळंच आहे. या दुसऱ्या मुद्द्यात मला खरंच दम वाटतो. शास्ते ग्रंथात देवदूत गिदोनालाही असाच नावाऐवजी ‘हे बलवान वीरा’ म्हणून हाक मारतो, तेव्हा तो मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असतो. देवदूत माणसाला नव्या नावाने हाक मारतो ती त्याला कशासाठी नेमलंय हे सांगणारी असते. मारियेचं तसं आहे. तिला नेमलंय, तिच्यावर कृपा झालीय, आणि हे ऐकून ती खूश न होता गोंधळते : हे कसलं अभिवादन? लूक ते पुढच्याच ओवीत सांगतो.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी भावाला आधी विचारीन. ग्रीक ही ज्यांची मातृभाषा आहे ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही प्रार्थनेत मारियेला याच शब्दाने हाक मारतात. ‘खेरे, केखारितोमेनी मारिया’, आजच्या ग्रीक उच्चारात. भाषांतर नाही, मूळ शब्द. तिला ते ‘पानागिया’, सर्वपवित्र, म्हणतात. त्यांच्याइतका मारियेचा मान आपणही क्वचित राखतो. तरी 8 डिसेंबर 1854 ला पोप पायस नववे यांनी निष्कलंक गर्भसंभवाचा, म्हणजे मारिया आईच्या गर्भात आल्या क्षणापासून निष्पाप असल्याचा, सिद्धांत जाहीर केला, तो त्यांनी स्वीकारलेला नाही. शब्द त्यांचाच, त्यांच्याच तोंडचा. त्यात तो सिद्धांत व्याकरणाने बसलेला असता तर त्यांना तो ऐकू आला नसता का? पोपच्या त्या दस्तऐवजातही देवदूताच्या अभिवादनाचा आधार आहे, पण चर्चच्या जुन्या आचार्यांनी ते कसं समजून घेतलं, परंपरा काय सांगते, याच्या जोडीने. मी स्वतः कॅथलिक आहे आणि तो सिद्धांत मानतो. तो मी ख्रिस्तसभेच्या परंपरेवरून मानतो. क्रियापदाच्या रूपावरून मानायचा असता तर बेन सिराच्या त्या सज्जन गृहस्थालाही निष्कलंक म्हणावं लागलं असतं.

आता तुमच्या घराकडे. तुम्ही म्हणता वसई आणि नगर, आणि मला हसू आलं, कारण हा वाद त्या दोन गावांतून सरळ चालत आलाय. वसईला 1534 ते 1739 पोर्तुगीज होते. त्यांच्या मिशनऱ्यांची प्रार्थना लॅटिनमध्ये ‘ग्रासिया प्लेना’ होती, त्यांच्या भाषेत ‘शेया द ग्रासा’. दोन्हींत ‘पूर्ण’ आहे, आणि तेच पुढे मराठीत आलं. नगरला 1831 मध्ये अमेरिकन मिशन आलं. ते लोक ज्या इंग्रजी बायबलवर वाढले होते त्यात ‘जिच्यावर विशेष मर्जी झाली ती’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि प्रॉटेस्टंट मराठी भाषांतरं ‘कृपा पावलेली’कडे झुकली. एकीने एका बंदरातून उतरलेला शब्द उचलला, दुसरीने दुसऱ्या. तुमच्या आईने आणि सासूबाईंनी यातलं काहीच ठरवलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर सासूबाईंना खुपतंय ते बहुधा ‘पूर्ण’ नाहीच. ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग सगळा लूकचा आहे : देवदूताचं अभिवादन 28व्या ओवीतलं, ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’ हे मारियेच्या नात्यातल्या एलिझाबेथचं, 42व्या ओवीतलं. सासूबाई दर नाताळात हेच वाचतात. दुसरा अर्धा, ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’, शास्त्रात नाही. आज आपण म्हणतो ते त्याचं रूप 1568 च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्कं झालं. प्रॉटेस्टंट मनाला अडतं ते तिथे : स्वर्गातल्या कुणाला आपल्यासाठी विनंती करायला सांगावं का? हा खरा, जुना आणि गंभीर मतभेद आहे. त्यावर बोलायचं तर त्यावरच बोला, उगाच ग्रीक शब्दाच्या आडून नको. कदाचित एकमत होणार नाही. निदान कशावर होत नाही ते दोघींना कळेल.

मुलीला काय सांगायचं? आठ वर्षांच्या मुलीला व्याकरण नको. देवदूत मारियेला म्हणाला की देवाने तुझ्यावर खूप कृपा केली आहे, तेच वसईची आजी एका प्रकारे म्हणते, इथली आजी दुसऱ्या प्रकारे, दोन्ही बरोबर. एवढं पुरे, आणि यातलं काहीच खोटं नाही. पुढे मोठी झाली की दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल ती स्वतःच विचारील. तेव्हा सांगा की इथे तुझ्या दोन घरांचं पटत नाही. तोवर जमलं तर एखाद्या संध्याकाळी सासूबाईंनाच तिला लूकचा पहिला अध्याय वाचून दाखवायला सांगा, 26 पासून 56 पर्यंत, मारियेच्या गीतासकट. त्या गीतात बलवंतांना सिंहासनांवरून खाली ओढलंय, श्रीमंतांना रिकाम्या हाती परत पाठवलंय. पोरीला मजा येईल. आणि त्या गीतावर ल्यूथरने 1521 मध्ये पुस्तकभर लिहिलंय, तेव्हा सासूबाईंना त्यात काही वावगं वाटू नये. रोजरी, म्हणजे ‘नमो मारिया’ची जपमाळ, म्हणायची वेळ तुमची आणि मुलीची राहू द्या. सासूबाईंनी त्यात बसावं असा आग्रह धरू नका.

एका गोष्टीत मात्र मी अजिबात मऊ होणार नाही. ‘आजीची प्रार्थना खोटी आहे’ हे लेकराला म्हणणं चूक होतं. तुमचं मत वेगळं असेल तर मोठ्यांशी बोला, लहान मुलीला दोन आजींत निवड करायला लावू नका, हे सासूबाईंना सांगायला हवं. आणि ते तुम्ही सांगायचं नाही, तुमच्या नवऱ्याने सांगायचं. ‘मला यात ओढू नका’ ही सोय त्यांना नाही. आई त्यांची आहे, मुलगी त्यांची आहे, आणि लग्नाच्या वेळी दोन्ही घरांच्या चालीरीती सांभाळायचं काही ठरलं असेल तर त्यात तेही होते. त्यांनी आईला एकट्याने, चहा पिताना, आवाज न चढवता सांगावं. व्हिडिओचा विषय काढायचीही गरज नाही. तुमच्या बाजूनेही एक करा : भावाला कळवा की मेसेज मिळाला, आणि यापुढे घरातला वाद त्याच्याकडे पोचवू नका.

ग्रीक शिकण्याबद्दल : जमेल, जरूर शिका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. तुम्हाला अख्खं बायबल करायचं नाहीये. अक्षरं आधी पक्की करा, चोवीसच आहेत. देवनागरी शिकलेल्या माणसाला ती अवघड जाऊ नयेत. मग नाम आणि क्रियापदांची चालवणी, शाळेत संस्कृत असेल तर अर्धं काम झालेलं आहे : विभक्ती, तीन लिंगं, धातूची रूपं, सगळं ओळखीचं वाटेल. वाचायला लूक घेऊ नका. त्याची पहिल्या चार ओव्यांची प्रस्तावना म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे, तिथेच धीर सुटायचा. योहानापासून सुरू करा. वाक्यं लहान, शब्द थोडे आणि तेच तेच परत येणारे. पहिला अध्याय वाचता वाचता 14व्या ओवीत ‘प्लेरेस खारितोस’ तुम्हाला स्वतःच भेटेल. तिथपर्यंत पोचलात की परत लिहा, पुढे काय वाचायचं ते सांगतो.